उजव्या कानातला तलाव

आमच्या गावचा तलाव गळतो आहे की नाही, हे माझा बा कानानं सांगायचा.

चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेला, वैनगंगेकडे जाताना, तलावांचा पट्टा लागतो. त्यात आमचं गाव. मालगुजारांच्या काळातला मोठा तलाव, त्याला उंच मातीची पाळ, पाळीच्या एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला धानाची शेतं. पाण्यातले मासे आमच्या मच्छीमार सोसायटीचे, पाणी शेतकऱ्यांचं, आणि पाळ फुटली तर नुकसान दोघांचं. खेकडे आणि उंदीर पाळीत बिळं करतात. बीळ आरपार गेलं की पाणी त्यातून आत शिरतं. वरून काही दिसत नाही. दिसेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

म्हणून पोळा झाला, तलाव भरला, की पाळ ऐकायची. बाकडे दोन हात लांबीचा बांबूचा तुकडा होता. आतल्या गाठी तापल्या सळईनं फोडलेल्या, दोन्ही तोंडं घासून गुळगुळीत केलेली. बा पाळीच्या कोरड्या अंगाला पालथा पडायचा, बांबूचं एक तोंड मातीत थोडं रोवायचा आणि दुसरं उजव्या कानाला लावायचा. नेहमी उजव्याच. डावा कान घरचा, असं तो म्हणायचा, तुयी माय ज्या कानात बोलते तो पाळीच्या कामाचा नाई.

त्या वेळी सगळे गप्प. ज्यांच्या घरी आम्ही मासे विकायला गेलो की अंगणाबाहेरच उभं राहायचो, ते शेतकरीही धोतर सावरून उभे असायचे आणि कोणी खोकलं तर त्याच्याकडे डोळे वटारून बघायचे. बा दहा पावलं सरकायचा, पुन्हा पालथा. मग कधीतरी हात वर करायचा. इथं खणा. खणलं की बीळ सापडायचंच. मग बांबूची तट्टी ठोकून तिच्यामागे चिकण माती दाबून दाबून भरायची, आणि संध्याकाळी बाला कोणाच्या तरी ओसरीवर बसवून चहा. माझ्या लहानपणी बा ओसरीवर बसलेला मी त्या दिवसांतच पाहिला.

मी शिकले ती अशाच एका ओसरीमुळे. तिथल्या म्हाताऱ्या पाटलांनी चहा पिताना विचारलं, "भाऊ, पोरगी कितवीत आहे?" बा म्हणाला, सातवी झाली, आता बस झालं. पाटील म्हणाले, "काऊन बस? तुमच्या कानाले बस म्हणतो का आमी?" पुढच्या जूनमध्ये त्यांनी स्वतः मला वरोऱ्याच्या वसतिगृहात नेऊन सोडलं. तिथून बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली, आणि तिथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. पाटील तेव्हा नव्हते. पण पहिल्या पगाराच्या दिवशी मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसून आले.

तर ही गोष्ट त्यानंतर काही वर्षांची. नवं शतक लागलं होतं, मोबाईल अजून सायबांकडेच होते. मधल्या सुट्टीत शाळेच्या फोनवर मायचा फोन आला. माय एस.टी.डी. बूथवरून बोलायची तेव्हा इतक्या जोरात बोलायची की मला वाटायचं, तार नसती तरी चाललं असतं.

"तुया बा पाळ खणून राह्यला!" माय ओरडली.

"मग? दरवर्षी खणतो."

"तीन जागी खणली ना वो! तिन्ही जागी कोरडी निंघाली. लोकं हासून राह्यले."

मी आधी हसलेच. मग मला कळलं की माय हसत नाही.

झालं होतं ते असं. बानं पालथं पडून हात वर केला, तीस माणसं कुदळी घेऊन आली, अर्धा दिवस खणलं, आत ओलसुद्धा नाही. बा म्हणाला, थोडं तिकडं असेल. तिकडं खणलं. कोरडं. दुसऱ्या दिवशी तो पाळीच्या पार दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथंही म्हणाला की इथं तर फारच जोरात येते. तिथं सोसायटीचा अध्यक्ष स्वतः खड्ड्यात उतरला. हा अध्यक्ष बाचा लहानपणापासूनचा जोडीदार, दोघं एकाच डोंग्यात, मासेमारीच्या लाकडी होडीत, मोठे झालेले. कमरेपर्यंत खणून वर आला तो चिखल नव्हे, धूळ झटकत.

"भाऊ," तो म्हणाला, "खेकड्यानं नाई खणली एवढी पाळ आपण खणली. आता बांबू ठेवा बाजूले. कान म्हतारा झाला तुमचा."

गंमत म्हणून बोलला असेल. पण हे सगळ्या गावादेखत बोलला. बानं बांबू उचलला, घरी आणून आढ्याला टांगला, आणि त्यानंतर पाळीकडे गेला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी गेले तेव्हा बा अंगणात जाळं विणत बसला होता. जाळं विणताना बा नेहमी गुणगुणायचा. त्या दिवशी गप्प होता, आणि मधेमधे उजवा अंगठा कानामागे दाबत होता.

"कान दुखते का?" मी विचारलं.

"दुखत नाई." जाळ्याची एक गाठ ओढून म्हणाला, "पोरी, मले घरी बसलो तरी पाणी ऐकू येऊन राह्यलं."

"कसं पाणी?"

"बिळातलं. लाट आली का बीळ घुटका घेते ना, तसं. धुस्स... धुस्स... जेवतानी, झोपतानी. मी खोटं नाई सांगितलं लोकाइले. मले ऐकू आलं म्हणून सांगितलं."

"पाणी नाई न काही नाई," माय चुलीपासून म्हणाली, "डोस्कं फिरलं तुमचं. दिवसभर उन्हात डोंगा हाकता."

तोवर घरगुती उपाय सगळे झाले होते. लसणाचं कोमट तेल झालं होतं. शेजारणीनं बारशाच्या जेवणात जाहीर केलं होतं की बाच्या कानात तलावाचा देव बोलतो, आणि त्यामुळे दोन बायका नवस बोलायला आल्या होत्या. बानं त्यांना सांगितलं होतं, देव मराठी बोलत नाई, नुसता धुस्स धुस्स करते, तुमीच समजून घ्या.

मी बाला चंद्रपूरला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पिचकारीनं कान धुतला, थोडा मळ निघाला, सगळ्यांना बरं वाटलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "आता?" बा म्हणाला, "आता पाणी अजून साफ ऐकू येते." पुन्हा आत गेलो. डॉक्टरांनी चिमट्यासारखा नादकाटा वाजवून दोन्ही कान तपासले आणि म्हणाले की या वयात इतकं चांगलं ऐकू येणारा माणूस क्वचितच बघायला मिळतो. आवाज मनाचा आहे. मनाला लावून घेऊ नका, या गोळ्या घ्या, झोप लागेल.

बा बसमध्ये म्हणाला, "झोपवून काय होते? तलाव गळणं थांबते का?" खरं सांगायचं तर मलाही तेव्हा मनाचाच आवाज वाटत होता. शिकलेल्या माणसाला डॉक्टरचं म्हणणं लवकर पटतं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी आठवीचे पेपर तपासत बसले होते. ध्वनीवरचे प्रश्न होते. समोर बा कानामागे अंगठा दाबून बसलेला.

"तू सारखं तिथं काऊन दाबतो?"

"इथी दाबलं का पाणी थांबते," बा म्हणाला. "सोडलं का सुरू."

माझी पेन्सिल थांबली. मनातला आवाज अंगठा दाबून थांबत नसतो. मी उठले, आढ्याचा बांबू काढला. बा म्हणाला, "पाळीवर चाल्ली का?" मी म्हटलं, गप बस, खोकू नको. एक तोंड त्याच्या कानामागच्या हाडावर टेकवलं, दुसरं माझ्या कानाला लावलं.

आधी काही नाही, माझाच श्वास. मी श्वास धरला.

धुस्स. धुस्स. धुस्स.

मी बाचं मनगट धरलं. नाडीचा एक ठोका, एक धुस्स. अगदी बरोबर.

"बा! आहे! आवाज आहे!"

माय पळत आली. तिनं बांबू लावला, ऐकलं, आणि बांबू तिच्या हातातून पडला. मग तिनं बाच्या पाठीत एक जोरात धपाटा मारला आणि पदरानं डोळे पुसायला लागली. "मी म्हणलं डोस्कं फिरलं," ती म्हणाली, "तं डोस्क्यात खरंच काहीतरी फिरून राह्यलं ना!"

तासाभरात अंगणात रांग लागली. पोरंसोरं, शेजारीण, नवसवाल्या त्या दोघी. बा बाजेवर देवासारखा बसलेला आणि एकेक जण त्याच्या डोक्याला बांबू लावून ऐकतो आहे. शेवटी अध्यक्ष आला. त्यानं खूप वेळ ऐकलं. बांबू खाली ठेवला, बाच्या शेजारी बसला.

"भाऊ," तो हळू म्हणाला, "कान बराबर आहे तुमचा. पाळ दुसरीच फुटली."

बाच्या कानात आवाज होता तो पाळीवरच सर्वांत मोठा का यायचा, हे मला नंतर सुचलं. कानाला बांबू घट्ट लावला की बाहेरचे आवाज बंद होतात आणि आतले वाढतात. बोट घालून पाहा. म्हणजे बा जितकं नीट काम करायचा तितका जास्त चुकायचा. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याला फार आनंद झाला. तीन खड्ड्यांचं ओझं थोडं हलकं झालं असावं.

पण आता खरी काळजी लागली. चंद्रपूरच्याच एका डॉक्टरांनी, दुसऱ्या, स्टेथोस्कोप कानामागे लावला आणि लगेच नागपूरची चिठ्ठी लिहून दिली. चेहरा पाहूनच कळलं की ही कानाची गोष्ट नाही.

नागपूरला जाताना मी बांबू सोबत घेतला. बसच्या कंडक्टरनं विचारलं, "बासरी काय?" बा म्हणाला, "स्टेथोस्कोप आहे." कंडक्टरनं बांबूकडे पाहिलं, बाकडे पाहिलं आणि तिकीट फाडून पुढे गेला.

तिथले डॉक्टर पन्नाशीचे, जाड चष्म्याचे, मूळचे विदर्भातलेच. त्यांनी आधी स्टेथोस्कोपनं ऐकलं. मग बाच्या मांडीवरचा बांबू पाहून विचारलं, हे काय. मी सगळं सांगितलं, पाळीसकट. मला भीती होती ते हसतील. त्यांनी बांबू मागून घेतला, बाच्या कानामागे लावला, डोळे मिटून ऐकलं आणि हाताखालच्या दोन तरुण डॉक्टरांना बोलावलं. "ऐका," ते म्हणाले. "यांच्या मुलीनं याच्यावर निदान केलं आहे." मला त्या दिवशी आठवी ते बी.एस्सी. पर्यंतचे सगळे शिक्षक आठवले.

मग अँजिओग्राफी झाली. मांडीतून बारीक नळी डोक्यापर्यंत नेतात, औषध सोडतात आणि पडद्यावर रक्ताचे रस्ते दिसतात. डॉक्टरांनी आम्हाला पडद्यासमोर बसवून समजावलं. मी आठवीला शिकवते तेच होतं. हृदयाकडून रक्त धमन्यांतून जोरात येतं, मग केसाहून बारीक केशवाहिन्यांमध्ये पसरतं, तिथं जोर ओसरतो, आणि शिरांतून सावकाश परत जातं. मेंदूभोवती एक जाड पापुद्रा असतो. बाच्या उजव्या कानामागे, त्या पापुद्र्यात, काही धमन्या मोठ्या शिरेच्या भिंतीत थेट उघडल्या होत्या. मधे केशवाहिन्या नाहीतच. जोराचं रक्त सरळ शिरेत घुसत होतं आणि प्रत्येक ठोक्याला धुस्स करत होतं. शिवाय ती शीर एका जागी आवळली होती, त्यामुळे पुढे निचरा नीट होत नव्हता.

बानं पडद्याजवळ जाऊन पाहिलं. "म्हणजे साहेब, खालची नाली तुंबली आन् वरून कालवा सोडला."

"तसंच," डॉक्टर म्हणाले.

"मग पाणी उलटं चढन."

"तीच भीती आहे, भाऊ. आज उलटं गेलेलं नाही. पण दाब वाढला आणि रक्त मेंदूच्या शिरांकडे उलटं चढलं, तर तिथली एखादी शीर फुटू शकते."

मायनं माझा हात धरला. आतापर्यंत आम्ही एका आवाजामागे धावत होतो. आता कळलं की त्या आवाजाबरोबर बाच जाऊ शकतो.

उपाय दोन सांगितले. एक म्हणजे धमन्यांतून चिकट औषध सोडून ती तोंडं बुजवायची. पण बाच्या वाटा इतक्या बारीक आणि वाकड्या होत्या की सगळ्या बुजतील याची खात्री नव्हती. दुसरा म्हणजे शिरेत स्टेंट बसवायचा. तारेच्या जाळीची नळी. ती आवळलेली शीर उघडेल आणि भिंतीला आतून दाबून धरेल. हृदयाला स्टेंट आता बरेच बसतात, डॉक्टर म्हणाले, डोक्यातल्या शिरेला अशा आजारात अजून कमी बसतात, मी स्वतः मोजकेच बसवले आहेत, हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे. त्यांनी हे स्पष्ट सांगितलं म्हणूनच मला त्यांच्यावर विश्वास बसला.

त्यांनी टेबलाच्या खणातून नमुन्याचा स्टेंट काढून बाच्या तळहातावर ठेवला. बानं आयुष्यभर जाळी विणली, मासे धरायचे सापळे विणले. त्यानं ती नळी चिमटीत धरली, दाबली, सोडली, ती पुन्हा फुलली. उजेडाकडे धरून त्यातून पाहिलं.

"विणकाम चोख आहे," तो म्हणाला. "पण साहेब, एक सांगा. जाळीतून तं पाणी जाते. जाळीनं गळती कशी बुजन?"

डॉक्टर खुर्चीतून पुढे सरकले. "हा प्रश्न मला पेशंटनं आजपर्यंत विचारला नव्हता," ते म्हणाले. मग सांगितलं की ती छिद्रं शिरेच्या भिंतीतच आहेत, फटींसारखी. जाळी फुलली की भिंतीला दाबते, फटी चेपतात, रक्ताचा जोर मोडतो. मग हळूहळू त्या जाळीवर शरीराचंच पातळ अस्तर चढतं.

"म्हणजे तट्टी," बा म्हणाला. "तट्टी ठोकाची, माती आपोआप चढन."

"हो."

"मग ठोका."

मायचा वेगळाच प्रश्न होता. "डोस्क्यातलं काम आन् मांडीतून काऊन जाता? एवढ्या दूरून?" डॉक्टरांनी सांगितलं की आतून सरळ रस्ता आहे, कवटी फोडावी लागत नाही. मायला ते पटलं. नागपूरहून गावाला यायलाही लांबचाच रस्ता सोपा पडतो, असं ती म्हणाली.

खर्चाचं कसं जमलं ते इथं लिहीत नाही. फार जणांचे हात लागले, ते सगळे मला माहीत आहेत.

काही दिवस आधीपासून रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. ऑपरेशनच्या सकाळी बाला आत नेताना त्यानं ट्रॉली थांबवली. "साहेब, आधी एकदा ऐका आन् नंतर एकदा ऐका. मले तोंडी सांगू नका. पोरीले ऐकू द्या." डॉक्टरांनी कबूल केलं. मी तिथंच, दारात, वाकून बांबू लावला. धुस्स, धुस्स, नेहमीपेक्षा जोरात. घाबरला होता. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण मला बांबूतून कळलं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. असा हात मी त्याआधी कधी ठेवला नव्हता, तोच माझ्या डोक्यावर ठेवायचा.

बाहेर आम्ही तिघं बसलो. मी, माय आणि अध्यक्ष. अध्यक्ष आदल्या दिवशीच वाळलेल्या झिंग्यांचं गाठोडं घेऊन आला होता, डॉक्टरांना द्यायला. दवाखान्याच्या त्या स्वच्छ मजल्यावर वासानं सगळे इकडेतिकडे बघत होते आणि अध्यक्षही त्यांच्याबरोबर, जणू हा वास कुठून येतो आहे असा, इकडेतिकडे बघत होता. माय त्याला म्हणाली, "भाऊजी, मांडीवरचं गाठोडं तरी झाका." त्या दिवसात आम्ही हसलो ते तेवढंच.

बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले, टोपी काढली. जाळी नीट बसली होती. शीर उघडली होती. रक्ताची गळती बरीच कमी झाली होती, पूर्ण बंद व्हायला काही आठवडे लागतील. बाला जाग आल्यावर मला आत बोलावलं. बांबू आत नेता येणार नव्हता, म्हणून डॉक्टरांनी स्वतःचा स्टेथोस्कोप माझ्या कानात घातला. मी ऐकलं. अगदी दूर, पुसट, कोणीतरी कपडा झटकल्यासारखं काहीतरी होतं. मग मी श्वास धरला आणि तेही नीट लागेना.

बानं डोळे उघडले. कपाळाला आठ्या घालून वर पाहत राहिला.

"काय झालं, बा? पाणी येते का?"

"पंखा," तो म्हणाला. "पंखा किरकिर करून राह्यला. तेल नाई दिलं कोणी."

कित्येक महिन्यांत त्याला पंखा ऐकू आला नव्हता. मी बाहेर जाऊन मायला सांगितलं, पंखा ऐकू आला. माय म्हणाली, आता घरी आलं का माया आवाजही ऐकू येईन, डाव्या कानाची वाट नाई पाहा लागणार.

दीड महिन्यानं पुन्हा फोटो काढले. गळती बंद. डॉक्टरांनी आम्हाला तोच पडदा दाखवला आणि बानं त्यावर बोट फिरवत तपासलं. गोळ्या पुढे बरेच महिने चालल्या. त्यांनी रक्त लवकर थांबत नसे, म्हणून मायनं त्याच्या हातातून कोयता काढून घेतला आणि मासे कापायचं काम स्वतःकडे घेतलं. बानं तक्रार केली नाही. त्याला मासे कापायचा आधीपासूनच कंटाळा होता.

शरीर बरं झालं. पण बांबू पुन्हा आढ्याला गेला, आणि बाचा कानही त्याच्याबरोबर टांगलेला राहिला. त्याला पाळ ऐकायला कोणी बोलावलं नाही. कोणी वाईट बोललं नाही, उलट सगळे फार प्रेमानं वागायचे, आणि तेच त्याला खुपायचं. "आराम करा भाऊ," म्हणायचे. पाळीवरचे ते तीन बुजवलेले खड्डे नव्या मातीच्या रंगानं दुरून दिसायचे. बा घरातून तलावावर जाताना वळसा घेऊन जायचा.

पुढच्या पोळ्यानंतर मी दोन दिवस गावी होते. सकाळी बा तलावावरून आला, जाळं अंगणात टाकलं आणि आढ्याखाली उभा राहिला.

"काय?" मी विचारलं.

"तुडुमाजवळ घुटका घेऊन राह्यलं." तुडूम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दगडी दार. "बांबू नाई लावला. चालतानी पायालेच कळलं."

"मग सांग ना सगळ्यांना."

"कोण ऐकन?"

मी बांबू काढला आणि पुढे निघाले. बा मागून आला. अध्यक्षाच्या घरासमोर आठ-दहा जण जाळी सांधत बसले होते. मी म्हटलं, तुडुमाजवळ बीळ आहे. ते एकमेकांकडे बघायला लागले. एकानं तोंडावर हात घेतला. दुसरा म्हणाला, "बाई, अजून तीन खड्ड्याची माती बसली नाई हो." अध्यक्ष बाकडे बघत होता.

तेव्हा बा पुढे झाला. माझ्या हातातला बांबू घेतला आणि अध्यक्षापुढे धरला.

"पहिले मायं डोस्कं ऐक," तो म्हणाला. "मंग पाळ."

अध्यक्ष उठला. बा मान तिरपी करून उभा राहिला आणि अध्यक्षानं बांबू त्याच्या उजव्या कानामागे लावला. तिथले सगळे गप्प झाले. जाळ्यातल्या सुयाही थांबल्या. अध्यक्षानं डोळे मिटले, बांबू थोडा वर सरकवला, थोडा खाली. खूप वेळ लावला त्यानं.

"काही नाई," तो म्हणाला. मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा, "भाऊच्या डोस्क्यात काही नाई!"

हशा पिकला, बा पण हसला. आणि सगळे कुदळी घेऊन निघाले.

तुडुमापासून आठ पावलांवर बा पालथा पडला, बांबू लावला आणि फार वेळ न घेता हात वर केला. गुडघाभर खणल्यावर कुदळीला ओल लागली. अजून हातभर खाली गेलं तर मुठीएवढं बीळ, आणि लाट आली की त्यातून गार पाणी भक्कन बाहेर. अध्यक्षानं खड्ड्यातूनच ओंजळ भरून बाच्या अंगावर फेकली. तट्टी ठोकली, माती दाबली. संध्याकाळी चहा अध्यक्षाच्या घरी झाला आणि मला पण बाजेवर बसवलं.

तेव्हापासून आमच्या गावात नवा रिवाज पडला आहे. पाळ ऐकायच्या आधी बाचं डोकं ऐकतात. बा स्वतःच उभा राहतो, मान तिरपी करून. नवी पोरं हसतात, पण रांगेत उभी राहतात. मी सुट्टीत असले तर बांबू माझ्याकडे देतात, कारण मी विज्ञानवाली. मी तो हाडावर टेकवते, श्वास धरते आणि ऐकते. आत काही नसतं. मला ते काही नसणं थोडं जास्तच वेळ ऐकावंसं वाटतं.

"झालं का, पोरी?" बा तशाच तिरप्या मानेनं विचारतो. "तलाव वाट पाहून राह्यला."

मग तो माझ्या हातून बांबू घेतो, पालथा पडतो, आणि कोणी खोकलं तर सगळे त्याच्याकडे डोळे वटारून बघतात.